वस्तऱ्याच्या दाढीचा फेस: दोन मिनिटांचं काम, वर्षभराचं गिऱ्हाईक

 

मागच्या व्हिडिओत आपण सलूनचं भाडं, खुर्ची आणि भांडवल यांचं गणित मांडलं होतं. त्यानंतर ट्रेनिंगला आलेल्या एका मुलानं मला विचारलं, "सर, फेसावर पण व्हिडिओ करणार? त्यात शिकायचं काय? क्रीम लावली, ब्रश फिरवला, झालं."

मी त्याला हसलो नाही. सलून हातात घेतलं तेव्हा मीही हेच म्हणायचो, आणि त्यापायी एका अख्ख्या घराची गिऱ्हाइकी घालवून बसलो. म्हणून आज व्हिडिओसोबत हा सविस्तर लेख. नीट वाचा, आणि शेवटी दिलेला सराव खरंच करा.

एका नवरदेवाची मान

बीबीए करून मी गावी परत आलो आणि बाबांचं जुनं दुकान नव्यानं उभं केलं. मोठे आरसे, नव्या खुर्च्या, दुकानामागं बोअर. पहिलाच मे महिना, लग्नसराई जोरात. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी एक नवरदेव दाढीला बसला. मागं बाकावर चार जण थांबलेले. मी बोअरचं पाणी घेतलं, ब्रशाचे दहा-बारा फेरे मारले, पांढराशुभ्र फुगलेला फेस गालावर चढवला आणि वस्तरा चालवायला लागलो. वर पंखा गरगर फिरत होता. एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस सुकून त्याची पापडी झाली. मानेवर वस्तरा ओढला जाऊ लागला. तीन ठिकाणी रक्त आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मानेवर लालभडक पुरळ. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते दिसतं.

त्याचे वडील भांडायला आले नाहीत. आजही रस्त्यात भेटले की रामराम घालतात. पण त्या घरची पाच माणसं पुन्हा माझ्या खुर्चीत बसली नाहीत. भांडणारं गिऱ्हाईक परत येऊ शकतं. न बोलता गेलेलं येत नाही, आणि आपलं काय चुकलं हेही सांगत नाही.

मला वाटलं, क्रीमच खराब. एक सोडली, दुसरी आणली, मग तिसरी. फरक शून्य. बाबांनी चाळीस वर्षं हाच धंदा केला. ते रोज सकाळी घरच्या नळाच्या पाण्याची पाच लिटरची कॅन सायकलला अडकवून दुकानात आणायचे. बोअर असताना हे कशाला, म्हणून मीच ती बंद केली होती. शेवटी एक दिवस बाबांनी दोन वाट्या मांडल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत घरचं. क्रीम तीच, ब्रश तोच. पहिल्या वाटीतला फेस बघता बघता बसला. दुसऱ्या वाटीतला दह्यासारखा तसाच राहिला. बाबा एवढंच म्हणाले, "फेस दाढी नाई करत गा बाबू, पानी करते."

बीबीएच्या तीन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

फेस नेमकं काय काम करतो?

दाढीचा केस कोरडा असताना कडक असतो. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि हे प्रथिन पाणी शोषून घेतं. पुरेसं भिजल्यावर केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के पाणी धरतो. तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. पण याला वेळ लागतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं धरून चाला. चेहऱ्यावर तेल असेल तर आणखी जास्त, कारण तेल पाण्याला आत जाऊ देत नाही.

आता नुसतं पाणी गालावर टिकत नाही, ओघळून जातं. त्याला केसाजवळ धरून ठेवायचं काम फेस करतो. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला चिकटतं आणि दुसरं तेलाला. त्यामुळे तो केसावरचं तेल सोडवतो आणि बारीक बारीक बुडबुड्यांच्या भिंतीत पाणी अडवून ठेवतो. तिसरं काम म्हणजे कातडी आणि पातं यांच्यामध्ये निसरडा थर तयार करणं.

घरच्या सेफ्टी रेझरला पात्याजवळ आडवी दांडी असते, ती कातडीला थोडं सांभाळते. वस्तऱ्याला तसं काहीच नसतं. उघडं पातं साधारण 30 अंशाच्या कोनात थेट कातडीवरून जातं. मध्ये असतो तो फक्त फेस. म्हणून घरच्या रेझरला चालून जाणारा फेस वस्तऱ्याला चालत नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा: फेस किती फुगला याला महत्त्व नाही. त्यात पाणी किती आहे आणि ते किती वेळ टिकतं, याला महत्त्व आहे. डब्यातून फुसकन बाहेर येणारा तयार फेस गॅसवर फुगतो. दिसायला भरपूर, पण त्यात आपल्याला हवं तसं पाणी घोळवता येत नाही. घाईत घरी ठीक आहे, खुर्चीवर मी तो वापरत नाही.

क्रीमच्या आधी पाणी तपासा

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात दोन शब्द होते, आठवतात? सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. ज्यात फेस नीट होतो ते सुफेन, ज्यात होत नाही ते दुष्फेन. आपण बोलताना त्याला जड पाणी म्हणतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. हे क्षार साबणाला पकडतात आणि त्याचा चिकट साका बनवतात. बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो, तोच हा. म्हणजे तुमची अर्धी क्रीम फेस व्हायच्या आधीच साका होऊन वाया जाते, आणि वर तो साका गिऱ्हाइकाच्या कातडीवर बसून खाज आणतो.

पाणी पिण्याजोगं आहे म्हणजे फेसाला चांगलं आहे, असं समजू नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) कठीणपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत मुभा आहे. 500 चं पाणी पिता येईल, पण त्यात फेस धड होणार नाही.

घरच्या घरी तपासायची पद्धत:

1. एक पारदर्शक बाटली अर्धी भरा. त्यात साध्या अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका. कपड्याची पावडर नको. ती जड पाण्यातही फेस देते आणि आपल्याला फसवते.
2. झाकण लावून वीस-पंचवीस वेळा जोरात हलवा.
3. वर भरपूर फेस आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ असेल, तर पाणी चांगलं.
4. फेस कमी, पाणी दुधाळ आणि त्यात पांढरे कण तरंगताना दिसले, तर पाणी जड.

पाणी जड निघालं तर आरओच्या पाण्याची कॅन लावा. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरी जाऊ देऊन पत्र्यावरून स्वच्छ धरलेलं पाणीही उत्तम. उकळल्यानं काही प्रकारचा जडपणा जातो, सगळा जात नाही. हात धुवायला, फरशी पुसायला बोअरचं पाणी खुशाल वापरा. वाटी, ब्रश आणि चेहरा, एवढ्यापुरतं चांगलं पाणी ठेवा.

सामान: महाग नको, योग्य हवं

*क्रीम किंवा दाढीचा साबण.* अंगाचा साबण वापरू नका. त्याचे बुडबुडे मोठे होतात आणि लवकर फुटतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे बुडबुडे बारीक आणि टिकाऊ होतात. त्यात पोटॅशचा साबण असतो म्हणून तो मऊ असतो आणि पाण्यात पटकन विरघळतो. ट्यूबच्या मागे घटक लिहिलेले असतात. सुरुवातीलाच स्टिअरिक ॲसिड दिसलं तर क्रीम बहुधा कामाची.

*ब्रश.* सलूनसाठी नायलॉनचा घ्या. लवकर धुतला जातो, लवकर सुकतो. जनावराच्या केसांचा ब्रश पाणी छान धरतो, पण दोन-तीन मिनिटं भिजवावा लागतो आणि सुकायला वेळ घेतो.

*वाटी.* खोलगट स्टीलची वाटी. आतून फार गुळगुळीत असेल तर फेस व्हायला वेळ लागतो. तळाला थोड्या खाचा असलेली मिळाली तर उत्तम.

नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी एक माहिती. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 पारंपरिक व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. अर्ज करण्याआधी जवळच्या सेवा केंद्रात सध्याचे नियम विचारून घ्या.

फेस करायची पद्धत

1. *आधी चेहरा, मग वाटी.* कोमट पाण्यानं आणि थोड्या साबणानं दाढीचा भाग धुवा, तेल निघू द्या. मग कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ टॉवेल दोन मिनिटं ठेवा. कोमट म्हणजे आपल्या मनगटावर सहज सोसवेल इतकंच.
2. *टॉवेल चेहऱ्यावर असताना फेस करा.* ब्रश भिजवून दोन झटके द्या. ओला हवा, गळणारा नको.
3. *वाटीत बदामाएवढी क्रीम.* जास्त क्रीम म्हणजे चांगला फेस, हा गैरसमज आहे. पाणी कमी पडलं तर जास्त क्रीमचा नुसता लगदा होतो.
4. *ब्रश गोल फिरवा, दाबू नका.* पहिल्या पंधरा-वीस सेकंदांत घट्ट, चिकट लेप तयार होईल. इथं थांबू नका. बहुतेक नवे कारागीर इथंच थांबतात.
5. *आता पाणी, पण थेंबाथेंबानं.* बोटं बुडवून पाच-सहा थेंब टाका, दहा सेकंद फिरवा. पुन्हा थेंब, पुन्हा फिरवा. असं चार-पाच वेळा. एकदम चमचाभर ओतलंत तर फेस फाटतो.
6. *कधी झाला समजायचं?* दह्यापेक्षा घट्ट, श्रीखंडापेक्षा सैल. वरून चमक हवी. डोळ्याला सुटा बुडबुडा दिसायला नको. ब्रश वर उचलला की टोक उभं राहून किंचित वाकावं. थोडा फेस अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन घासा, बोटं सरसर घसरली पाहिजेत.
7. *चेहऱ्यावर लावताना* आधी गोल फिरवा म्हणजे केस उभे राहतात आणि फेस मुळापर्यंत जातो. मग रंग मारल्यासारखे सरळ हात देऊन सारखा करा. थर मध्यम ठेवा. केस कुठल्या दिशेनं आहेत ते कारागिराला कळलं पाहिजे.
8. *उलट्या हाताआधी पुन्हा फेस.* पहिला हात केसांच्या दिशेनं झाला की दुसऱ्या हाताआधी ताजा फेस लावायचाच. कोरड्या कातडीवर उलटा वस्तरा चालवला तर पुरळ येण्याची शक्यता फार वाढते. नाजूक कातडीला उलटा हात देऊच नका.

फेस चुकला हे कसं ओळखायचं?

- गालावर पापडी धरते, ब्रश अडकतो: पाणी कमी. थेंब टाकून पुन्हा घोळवा.
- मानेवरून ओघळतो, मोठे बुडबुडे दिसतात: पाणी जास्त. थोडी क्रीम घालून फिरवा.
- आधी छान होतो, मिनिटभरात बसतो: पाणी जड आहे किंवा ब्रशात जुना साका आहे.
- पातं खरखर करतं: फेस ठीक असेल तर केस पुरेसा भिजलेला नाही. टॉवेल पुन्हा ठेवा. तरीही खरखर राहिली तर ब्लेड बदला.

आपल्या भागातल्या दोन अडचणी

पहिली, उन्हाळा. वैनगंगेच्या पलीकडचं ब्रह्मपुरी देशातल्या सर्वात तापणाऱ्या गावांमध्ये गणलं जातं. आरमोरी काही वेगळी नाही. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली फेस फार टिकत नाही. म्हणून पूर्ण चेहऱ्याला फेस लावून ठेवू नका. आधी एक बाजू लावा, करा, मग दुसरी. मान शेवटी, ताज्या फेसानं. पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर नको. वाटीत दोन थेंब जास्त पाणी चालेल.

दुसरी, गर्दी. दिवाळीनंतर मंडई आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की संध्याकाळी सहा ते आठ दुकान भरतं. पाहुणे आलेले, सगळ्यांना नाटकाआधी दाढी हवी. अशा वेळी पहिली कात्री फेसावर लागते. त्याऐवजी काम वाटून द्या. शिकाऊ मुलानं पुढच्या गिऱ्हाइकाचा चेहरा धुऊन टॉवेल ठेवायचा, कारागिरानं वस्तरा चालवायचा. केस भिजायला लागणारा वेळ असा आपोआप निघतो.

स्वच्छतेत सूट नाही

पहिल्या महायुद्धाच्या काळात दाढीच्या ब्रशातून अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना इंग्लंड-अमेरिकेत नोंदल्या गेल्या. नीट निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस ब्रशात वापरले गेले होते. आज आपल्यापुढं धोका आहे तो हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा. हे रोग रक्तातून पसरतात आणि दाढीत रक्त येऊ शकतं.

- प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, आणि ते त्याच्या डोळ्यांसमोर वस्तऱ्यात घाला.
- उरलेला फेस दुसऱ्याला कधीच नाही. वाटी धुवा.
- चार-पाच ब्रश ठेवा. वापरलेला साबणानं धुऊन, जंतुनाशकात बुडवून, पुन्हा स्वच्छ पाण्यानं धुऊन उलटा टांगून सुकवा.
- पात्यावरचा फेस आपल्या हातावर पुसायची जुनी सवय सोडा. कागदाचा कोरा तुकडा वापरा आणि फेकून द्या.
- तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालावर फिरवू नका. तुरटीचं पाणी करून फवारा मारा. तुरटी रक्त थांबवते, पण तिनं खडा निर्जंतुक होत नाही.
- वापरलेली ब्लेडं जाड, बंद डब्यात जमा करा. उघड्या कचऱ्यात टाकली तर सफाई कामगाराचा हात कापतो.

आता हिशोब

माझ्या दुकानात दाढीचे 50 रुपये. तुम्ही तुमच्या गावचा भाव टाका.

- क्रीम, साधारण 2 ग्रॅम: 2 रुपये
- अर्धं ब्लेड: 1.50 रुपये
- चांगलं पाणी, अर्धा लिटर (20 लिटरची कॅन 30 रुपयांना): 75 पैसे
- टॉवेल धुलाई, जंतुनाशक, तुरटी: 3 रुपये

एकूण 7.25 रुपये. यात पाण्याचा वाटा रुपयाच्याही आत, आणि मी नेमका तोच वाचवत होतो.

वेळेचं बघा. एका दाढीला 16 मिनिटं धरली, तर खुर्चीचं एक मिनिट साधारण 3 रुपयांचं. फेसाला दोन मिनिटं जास्त दिली तर 6 रुपये. आता गेलेल्या त्या घराचा हिशोब करा. पाच माणसं, महिन्याला दोन-दोन दाढ्या, 50 रुपयांनी वर्षाचे 6,000 रुपये. म्हणजे एका घराच्या वर्षभराच्या पैशात एक हजार दाढ्यांची जास्तीची दोन मिनिटं भागली असती. कटिंग आणि लग्नकार्याचं काम यात धरलेलंच नाही.

या आठवड्याचा सराव

पहिले दोन दिवस फक्त वाटी आणि ब्रश. दोन वेगळ्या पाण्यांत फेस करा आणि घड्याळ लावून बघा, किती मिनिटांनी बसतो. पुढचे दोन दिवस फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून वस्तऱ्यानं तो अलगद उतरवा. फुगा फुटला तर हात जड आहे किंवा कोन चुकतोय. पाचव्या दिवशी आपल्याच दंडावर ब्लेड न लावता वस्तरा फिरवून बघा, फेस किती घसरतो ते कळेल. त्यानंतर अनुभवी कारागिराच्या देखरेखीखाली घरच्याच एखाद्या माणसाची दाढी. तोपर्यंत पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही.

माझ्या दुकानात आता रोज सकाळी पाण्याची कॅन येते. बाबा येऊन बसले की आधी तिचं झाकण उघडून बघतात, मग पेपर हातात घेतात.

पुढच्या व्हिडिओत कटिंगचे दर कसे ठरवायचे ते बघू. तोवर पाणी तपासून ठेवा.